भरदुपारी हलवलेल्या पेट्या

प्रिय धांदल्या,

जाहिरातींत तुझ्या नावाआधी आता ‘नेतृत्वगुरू’ छापतात म्हणे. या घरात तू धांदल्याच आहेस आणि मी तुझी थोरली बहीण, तेव्हा मायना हाच राहील. ‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस.

तुझं ते भाषण मी ऐकलं. एकदा नाही, निदान साठ वेळा, कारण सकाळचा चहा झाला की बाबा मोबाईल माझ्या हातात देतात आणि पोराला लाव म्हणतात. ‘मधमाश्यांनी मला घडवलं.’ काय तो आवाज, काय ते मध्येच थांबणं, काय तो रुमाल! अरे, बाबांची मधमाश्यांची पेटी उघडायची म्हटली की तुझं पोट दुखायचं. माश्या शांत करायचं धुराडं तुला एकदाही धड पेटवता आलं नाही. तोंडावर जाळी बांधून तू कुंपणाबाहेर उभा राहायचास आणि तिथून मला सूचना द्यायचास. नेतृत्व म्हणशील तर तेवढं तू तेव्हाही करत होतास.

राणीमाशी पोळ्यावर राज्य करते, असं तू छातीठोकपणे सांगतोस. कसलं राज्य? बिचारी जन्मभर अंडी घालते, आणि कमी पडायला लागली की कामकरी माश्या दुसरी राणी तयार करतात. बाबांनी हे आपल्याला पेटीतली पोळ्याची चौकट हातात धरून दाखवलं होतं. तुझ्यासमोर बसलेल्या साहेबलोकांना ते आवडणार नाही, हे मला कळतं. या सगळ्या थापा मी सोडून दिल्या असत्या.

पण तुझा तो तिसरा धडा, ‘निसर्गाची वेळ ओळखा’. त्यात तू सांगतोस, माझे वडील कष्टाळू पण हट्टी, एकदा त्यांनी भरदुपारी पेट्या हलवल्या, आणि हजारो माश्या परत आल्या तेव्हा त्यांचं घर जागेवर नव्हतं. मग तू रुमाल काढतोस. लाज नाही वाटली रे तुला?

बाबा त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. दिवस मावळून सगळ्या माश्या आत आल्या की मगच दारं लावून पेट्या हलवायच्या, हा आपल्या घरचा नियम तुला पाठ होता. पण संध्याकाळी तुला मित्राबरोबर सामना बघायला जायचं होतं. म्हणून भर बारा वाजता तू बावीस पेट्यांची दारं लावलीस आणि टेम्पोत घालून त्या पुढच्या फुलोऱ्यासाठी ठरलेल्या दूरच्या शेतावर नेऊन टाकल्यास. अर्ध्या माश्या फुलांवर होत्या. मी ओरडले, तर म्हणालास, येतील गं मागून उडत! मी टेम्पोसमोर आडवं उभं राहायला हवं होतं, ती राहिले नाही. एवढं माझ्या वाट्याचं आहे आणि ते मी कबूल करते.

बाबा सुजलेला गाल घेऊन आले तेव्हा घरामागे शेजाऱ्याच्या बागेत पेट्यांच्या रिकाम्या लाकडी स्टँडांवर माश्यांचे घोस लोंबत होते. जाळी शोधायलाही न थांबता त्यांनी रिकाम्या पेट्या आणल्या आणि हातांनी अलगद त्यांना आत घेत राहिले. वाचल्या त्या थोड्याच. बागेत कामाला आलेल्या बायकांना माश्या चावल्या म्हणून बागमालक तावातावाने दारात आला, तेव्हा तू न्हाणीघरात कडी लावून बसला होतास. बाबा त्याला म्हणाले, माझ्याकडून घाई झाली. तुला त्यांनी नंतर एका शब्दाने विचारलं नाही. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता.

आता हे सगळं आज का उगाळते आहे, ते ऐक. बाबांचं विसरणं खूप वाढलंय. आई कुठे गेली, म्हणून दिवसातून दोनदा विचारतात. पेट्यांचं मात्र काही विसरले नव्हते, तेवढा एक कोपरा शाबूत होता. गेल्या मंगळवारी तिसरा धडा संपल्यावर त्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि मला विचारलं, बाई, भरदुपारी पेट्या मी हलवल्या? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, पोरगा कशाला खोटं बोलेल? तेव्हापासून रोज मागच्या बाजूला जाऊन त्या रिकाम्या स्टँडजवळ बसतात आणि मी चहा घेऊन गेले की माझी माफी मागतात. सगळं आयुष्य माश्यांत घालवलेला माणूस, धांदल्या, मला हात जोडतो. मी खरं सांगितलं तर उलट माझ्यावरच चिडतात, धाकट्यावर आळ घेऊ नकोस म्हणतात. माझ्या शब्दाने हे सुटणार नाही, तुझ्याच तोंडून त्यांना ऐकायला हवं. तेव्हा ये. रुमाल आणू नकोस, भाषण करू नकोस, त्यांच्याजवळ बस आणि एवढंच सांग, की बाबा, पेट्या मी हलवल्या होत्या. सकाळी ते माणसं ओळखतात, पण असे दिवस आता फार उरलेले नाहीत. तुला घाईची सवय आहेच, एकदा या कामासाठी कर. घर अजून जागेवर आहे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई