पप्पा, बूट बाहेर ठेवा

प्रिय पप्पा,

आज सैनिकी नेतृत्वाची तोंडी परीक्षा होती. सरांनी विचारलं, "लांबचा रूट मार्च संपला, तुकडी मुक्कामाला पोचली. अधिकारी सगळ्यात आधी काय करतो?" मला उत्तर येत होतं हो! पण तोंडच उघडेना. सर म्हणाले, "जा, पाणी पिऊन ये." आलो तो जिन्यावरच बसलो. वहीच्या मागच्या पानावर लिहितोय. माझ्याकडे दुसरा कागद कुठला असणार?

बारावी दोनदा नापास, मधली दोन वर्षं नुसता भटकत होतो. "खंय फिरत होतंस मेल्या?" हेच तुमचं स्वागत असायचं. पण संरक्षणशास्त्राला प्रवेश मिळाला, तर सोळा वर्षं फौजेत शिपाई राहिलेले आणि आता अंधेरीत टॉवरखाली वॉचमन असलेले तुम्ही अख्ख्या वाकोल्याला सांगत सुटलात, "माझो झिल सायब होतलो!"

एकदा मी नेत्याचे गुण घोकत होतो, एक ते चौदा. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "ता ऱ्हवांदे. पयले पाय बगूचे."

"कसले पाय?"

मग तुमच्या मेजरसाहेबांची गोष्ट. चाल संपली की ते गुडघ्यावर बसायचे, एकेकाचे मोजे काढायला लावायचे. "शिपाई कधी सांगूचो नाय रे. म्हणान सायबान बगूचा."

मी हसलो. "पप्पा, हे सिलॅबसमध्ये नाही."

होतं, पप्पा. सातव्या धड्यात. मी तिथवर पोचलोच नव्हतो.

जुहूपर्यंतचा आमचा पहिला मार्च आठवतो? परतताना आम्ही तिघं मित्र गोळ्याच्या गाडीवर थांबलो, काला खट्टा घेतला, तो गोळेवाला पण काय भारी माणूस... जाऊ दे, भरकटलो. घरी आलो तर तुम्ही ड्यूटीवरून येऊन बसला होतात. माझा पाय मांडीवर घेतलात, फोडावर खोबरेल लावलंत. तुमचा युनिफॉर्म पण उतरला नव्हता. मोजे पण नाही.

तेव्हा तरी विचारायचं ना मी!

एजन्सीने दिलेले ते नवे कडक बूट. तुमची शुगर. करंगळीजवळ घासून झालेली जखम. रोज बारा तास उभे राहायचात तिच्यावर, मोजे स्वतः धुवायचात, आईलाही हात लावू द्यायचा नाहीत. आणि मी, नेतृत्व शिकणारा साहेब, काय म्हणालो? "पप्पा, वास मारतोय. बूट बाहेर ठेवा."

तुम्ही बूट उचललेत. लंगडत गेलात दारापर्यंत. मी मोबाईल बघत होतो.

का नाही सांगितलंत? एक शब्द! रागावलोय मी तुमच्यावर. हॉस्पिटलात, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी, डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर आधी आणायचं होतं. विष रक्तात गेलंय." आठवडाभर आधीच मी बूट बाहेर ठेवायला लावले होते. वास बुटांचा नव्हताच ना, पप्पा?

काल आईला म्हटलं, "पाय दाखव."

"पाया पडायचं तर पड बाबा. बघायचेत काय?"

"दाखव गं."

सांताक्रूझच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर उभी राहून पोळ्या लाटते ती. टाच चिरलीय, मध्ये रक्त सुकलंय. "काही नाही रे, होतं असं." अगदी तुमच्यासारखी! मी गरम पाणी आणलं. ती आधी हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला.

येत्या रविवारी ज्युनियर पोरांचा मार्च आहे, बारा जणांची तुकडी माझ्याकडे दिलीय. शब्द देतो, एकेकाचे मोजे काढायला लावीन. हसू देत साले. आणि घरी रोज आईचे पाय बघीन, ती सांगेल म्हणून थांबणार नाही.

सर अजून आत बसलेत. उत्तर देऊन येतो.

तुमचा, उशिरा पोचलेला झिल,
समीर