शेवटचं, नक्की शेवटचं

सूनबाई,

मी स्टुडिओत चाललेय. तू मोबाइल उचलत नाहीस म्हणून त्या गायिकेने घरच्या फोनवर फोन केला. तुझी आणखी गाणी हवीत म्हणाली. सगळी पेनड्राइव्हवर घेतलीत.

तुझ्या लॅपटॉपला हात लावला, रागावू नकोस. पण काय गं ती नावं! 'शेवटचं', 'नक्की शेवटचं', 'आता खरंच शेवटचं'. चाल जरा बदलली की लगेच नवं 'शेवटचं'! दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म काढलेल्या बाईला हे बघवेल का? आठवडाभर दुपारी बसून सगळी ऐकली आणि प्रत्येकाला त्याच्या पहिल्या ओळीचं नाव दिलं. शंभरी कधीच ओलांडलीस, पत्ता तरी होता का तुला? मी मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलेय.

भाजी झालीये, फक्त गरम करायची. ते आमच्या चिरंजीवांनाही जमतं, तू उठू नकोस.

आणि हो, त्या दिवशी चिरंजीव 'पुरे झालं हे गाणं-बिणं' म्हणाले, त्या रात्रीचं रेकॉर्डिंगही सापडलं. त्याचंही नाव 'शेवटचं'. त्यात शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आहे, त्यामुळे पहिली ओळ काही मिळेना. ते तेवढं पेनड्राइव्हवर घेतलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय.

त्याचं नाव मी 'पुढचं' असं केलंय.

– आई