बाही सोडायची नाही

१६ नोव्हेंबर १९३७, भोर
पुढच्या दाराला आजपासून आतून कुलूप. किल्ली दिनकरच्या जानव्याला. विचारले तर, "काकू, गावात चोऱ्या वाढल्यात." परसात विहीर, भोवती पुरुषभर भिंत.
ह्यांना पेज भरवली. निम्मी पोटात, निम्मी पंच्यावर. डावी बाजू तशीच लुळी, वाचा तशीच बंद. दि. भरवायला बसला की दात घट्ट मिटतात. आम्हाला मूल नाही, म्हणून हा पुतण्या दसऱ्याला पुण्याहून मदतीला आला. दिवाळी गेली. मदत आटोपत नाही.

१८ नोव्हेंबर
औषध संपले. दि. बाहेरून आला, दार उघडे होते, तशीच निघाले. उंबऱ्यात त्याने मनगट धरून आत ओढले. "औषध मी आणतो." संध्याकाळी आणले, हे खरे. माझ्या चार बांगड्या फुटल्या. ('वाढल्या' म्हणायची मला सवय नाही.)
ओरडले असते. पण शाळेच्या अंगणात मुलींना चिनी कुस्तीचे डाव शिकवले म्हणून माझी हेडमास्तरीणबाईंची खुर्ची गेली, तेव्हापासून भोरात मी वेडीच आहे. वेडी ओरडली, एवढेच होईल.

२० नोव्हेंबर
दि.चे बिऱ्हाड इथे येणार. मी "हवापालट" म्हणून वेल्ह्याला, शेतावरच्या घरी. सोबतीला एक गडी. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी गाडी सांगितली आहे.
हे? "काकांना प्रवास झेपायचा नाही. ते इथेच."
कोणाच्या हातून जेवणार, विचारले.
"भूक लागली की जेवतील, काकू."
कोट झटकला, खुंटीला लावला, पान वाढा म्हणाला. वाढले.

२२ नोव्हेंबर
काका असताना काकूचे हात मोकळे दिसतात, लोक काय म्हणतील, म्हणून दि.ने स्वतः बांगड्या भरायला जैनबी मणेरणीला बोलावून आणले. महिन्याभरात घरात आलेले पहिले माणूस. तिने मनगट हातात घेतले आणि थांबली.
"बाई, ही बोटं कुनाची?"
मी पदर मनगटावर ओढला.
"नगा सांगू. म्या दिवसभर बायकांचं हातच धरते. कळतं समदं."
तिची नात माझ्या शाळेत होती. त्या नातीने आजीला घरी एकदा पाडले होते म्हणे. "पोरगी म्हनली, बाईंनी शिकिवलं. लई लागलं, पर बरं वाटलं." मग खालच्या आवाजात, त्याला का पाडत न्हाई?
मुद्दाम एक बांगडी सैल भरायला सांगितली. बदलायला परत यावे लागेल.

२४ नोव्हेंबर
दि. दुपारी झोपला. माजघरात जै. आणि मी. तिला सांगितले: माझे बाबा पलटणीचे डॉक्टर. चीनच्या मोहिमेवरून येताना तिथली कुस्ती आणि जाड शिवणीचा एक आखूड डगला घेऊन आले, आणि तो घालून मला कॉलेजात जाईपर्यंत गच्चीवर पाडत असत. आपले पैलवान अंगाला धरतात, तिकडचे कपड्याला. म्हणून मुलीला चालेल, असे त्यांचे मत. आईचे नव्हते.
जै.ला सांगितले, हात सोडवायचा नाही. तो ओढतो तिकडेच जायचे, त्याच्याहून लवकर. त्याची बाही कोपराशी मुठीत घ्यायची, आपला पाय त्याच्या टाचेमागे, मग कमर. आणि पाडल्यावर बाही सोडायची नाही. तीच वर ओढून धरायची, म्हणजे डोके आपटत नाही. बाबा सर्वांत कडक यातच.
"बांगड्या काचंच्या, हाडं न्हाईत. पाडा बिनघोर," म्हणाली. दोनदा पाडली. मग म्हणे, आमीच पडायचं व्हय? पन्नाशीत पडणे सोपे नाही. कंबर धरून बसले. ती तोंडात पदर कोंबून हसत होती. कित्येक महिन्यांत या घरात कोणी हसले नव्हते.

२७ नोव्हेंबर
फसले. परसदारी दि.ने दंड धरला, मी बाही धरली, आत शिरले, पाय बरोबर पडला. आणि कोटाची बाही खांद्यापासून उसवून हातात आली. तो उभाच.
चिडला नाही. घाबरला होता. "काकू, असे झटके यायला लागले तर वेल्हेसुद्धा पुरायचं नाही." फाटका कोट शेजारच्या तात्यांना दाखवून आला.
मग माझ्यासमोर ठेवला. "शिवून द्या. गुरुवारी हाच घालणार."

२८ नोव्हेंबर
शिवला. दुहेरी दोरा, उलटी टीप, मेण लावून. दुसरी बाहीही उसवून पुन्हा शिवली, कोणती हाती येईल सांगता येत नाही. बाबांच्या डगल्याची शिवण आठवत होते.
हे बघत होते. उजवा हात पुढे केला. वाटले पाणी हवे. नाही. बाही मुठीत घेऊन हिसडा दिला. शिवण हलली नाही. दुसरीला पुन्हा. मग कोट माझ्याकडे ढकलला. वकिलीत असताना माझ्या "चिनी चाळ्यांना" मनसोक्त हसायचे. आज हसले की काय, तोंड वाकडेच असल्याने...

३० नोव्हेंबर
दारातली फरशी, मागे दगडी उंबरा. तिथे डोके लागले तर संपलाच. मग मी खुनी वेडी, आणि ह्यांना पेज कोण देणार. घाबरून पाडले की हात सैल सुटतो. मी घाबरलेली आहे.
आणि पडला तर पुढे काय? किल्ली मिळेल, दार उघडेल, मी जाणार कुठे? हे आत आहेत.
पुन्हा एक बांगडी सैल झाली म्हणून बोलावलेल्या जै.चे म्हणणे वेगळे. "चार मानसांत पाडा. काकूनं आपटलं, हे त्यो कुनाला सांगंल? तोंड घिऊन पुन्याला जाईल." जाईल? की माझ्या वेडाला आयते चार साक्षीदार मिळतील? दोन्ही खरे वाटते. दुसरी वाट सुचत नाही.

२ डिसेंबर, सकाळ
गाडी आली. दार सताड उघडे, इतक्या दिवसांत प्रथमच. गाडीवान, तात्या, ट्रंक उचलायला एक गडी. जै. समोरच्या ओट्यावर टोपली मांडून बसली आहे, एकही बांगडी विकत नाही.
ह्यांनी सगळी पेज घेतली. पंचा कोरडा.
माझी गादी आतल्या बाजूला उंबऱ्यालगत पसरली आहे. इथे कशाला, दि.ने विचारले. ढेकूण झालेत, ऊन लागू दे, म्हटले. उचलली नाही.
पदर खोचला.
"काकू, चला आता." कोट घालून, दाराकडे पाठ करून उभा आहे. हात पुढे केलेला. गादी त्याच्या मागे आहे, पण तो तिच्यावर नाही, अलीकडे आहे. एक पाऊल त्याला मागे न्यावे लागेल.