नागलीच्या शेताचा डावा काठ

॥ श्री ॥

८ नोव्हेंबर. संकष्टी.
आले: ह्यांच्या डोळ्यांचे थेंब, बाटली १, ४१० रु. शेंगदाणे १ किलो, १५०. भगर अर्धा किलो, ७०. सुरगाण्याहून भोये सरांचे पाकीट. तिकीट त्यांनीच लावलेले, आपला खर्च नाही.
पाकिटात आठ पाने नुसते आकडे. ह्यांनी हात पुसून घेतली. पावरीचे, तिकडच्या फुंकायच्या वाद्याचे, सूर आहेत म्हणाले, शाळेतली मुलं वाजवतात ते ऐकून सरांनी आकड्यांत उतरवलेत. आता हे संगणकात भरायचे. सरांच्या शाळेत रेंज नाही म्हणून सगळे टपालाने. तीन वर्षांपूर्वी तिथे जुने संगणक बसवायला हे गेले होते, तेव्हापासून दोघांचे जमले.
चंद्रोदय उशिरा. अथर्वशीर्ष २१ वेळा.

११ नोव्हें.
डॉ. बाईंकडे. काचबिंदू वाढलाय. त्या यंत्रात डोकं घालून, दिवा दिसला की बटण दाबायचे, ती तपासणी झाली. कागदावर दोन्ही डोळ्यांच्या कडा काळ्या, डाव्या अंगाला जास्त. बाई म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही काका. आहे ते वाचवू. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन करून टाका."
रिक्षात हे म्हणे, माझं बोट हळू चालतं, म्हणून कागद काळा आला. बत्तीस वर्षं कारखान्यात मशीनला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे बोट हळू.
ऑपरेशन मेळाव्यानंतर म्हणाले. मेळावा ह्यांच्यासारख्या हौशी प्रोग्रॅमवाल्यांचा, १३-१४ डिसें., इंदिरानगरच्या हॉलमध्ये. काम ११ ला पोचवायचे. ऑपरेशननंतर पंधरा दिवस पडदा बघायचा नाही, म्हणून ही टाळाटाळ.

१४ नोव्हें.
आज नीट समजावून घेतले. ह्याला डेमो म्हणतात. खेळ नाही, सिनेमाही नाही. चित्र, हालचाल, सूर, सगळं प्रोग्रॅम जागच्या जागी तयार करतो, आधी काढलेलं काही त्यात घालायचे नाही. आणि सगळा मिळून चार हजार शहाण्णव अक्षरांत मावला पाहिजे, एक जास्त झालं की बाद. माझ्या वहीची दोन-तीन पाने. त्यात ह्यांनी वाऱ्यात हलणारं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत बसवलंय, डोंगरउतारावरचं.
मी म्हटलं, बक्षीस काय. म्हणाले, लोक बघतात आणि मतं देतात.
एवढंच?
"एवढंच. कारखान्यात माझं काम मशीनच्या पोटात चालायचं. कोणी बसून बघितलं नाही गं कधी."
तिथे खरं नावही लावत नाहीत. ह्यांचे टोपणनाव 'लेथ', कारखान्यातल्या यंत्राचे. सरांचे 'पावरी'.

१९ नोव्हें.
थेंबांची बाटली महिनाभर जाते, दर वेळी तारीख लिहून ठेवते. आज उजेडात धरून पाहिली. अकरा दिवसांत हललेलीच नाही.
विचारले. आधी हसले, म्हणाले, तुझी वही आता माझ्या डोळ्यांपर्यंत पोचली. मग कबूल केले. थेंब टाकला की तासभर पडद्यावर धुकं येतं, काम होत नाही.
आजपासून मीच टाकणार. सकाळ-संध्याकाळ, देवापुढे दिवा लावला की लगेच. मी गोड सोडले, ऑपरेशन होईपर्यंत. ह्यांना सांगितले नाही.

२३ नोव्हें.
पडद्याच्या कोपऱ्याला अंगारा लावला होता. ह्यांनी फडक्याने पुसला. चिडले नाहीत. "मला लाव, त्याला नको."
काम अजून चाळीस अक्षरं जास्त भरतंय. जेवताना बोटं ताटावर वाजवतात.

२७ नोव्हें.
बसले. बरोबर ४०९६. दुपारी मला खुर्चीवर बसवून, खिडकीचे पडदे ओढून दाखवले. मेळाव्याआधी बाहेर कोणाला दाखवायचे नाही असा नियम. घरच्या माणसाला चालते म्हणे.
अडीच मिनिटे. काय लिहू. आधी अंधार, मग पावरी, मग दांड्यादांड्यांनी शेत उगवते. वारा खालून वर येतो. कणसं वळतात. माझ्या डोळ्यांत पाणीच आले.
पण डाव्या काठाला, वरपासून खालपर्यंत, पांढरी पट्टी थरथरत होती. साडीच्या काठाचा धागा सुटावा तशी. शेवटपर्यंत.
म्हटलं मुद्दाम ठेवली असेल. विचारले, काठाला काही ठेवलंय का?
"काठाला काही नाही. काठ स्वच्छ आहे."
पडद्याकडे बघतच म्हणाले. पट्टी तेव्हाही हलत होती.
मी चहा ठेवायला उठले.

२८ नोव्हें.
झोप नाही. आज जेवताना मुद्दाम लक्ष ठेवले. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर वाढली. भात, आमटी, भाजी जेवले. डावी बाजू जशीच्या तशी. शेवटी म्हणाले, आज चटणी नव्हती का गं?
ताट जरा फिरवून ठेवले. "ही काय, आहे की," म्हणून खाल्ली.
गेले कित्येक दिवस डावी बाजू ताटात उरते. मी समजत होते, वयाने तिखट सोडले. उरलेली चटणी मीच पोळीला लावून संपवत होते.

२९ नोव्हें.
डॉ. बाईंना फोन. ९ तारखेची जागा आहे, ६ पर्यंत नक्की सांगा, नाहीतर दुसऱ्याला देणार. मग महिनाअखेर.
पट्टीचे सांगावे तर हे दुरुस्तीला बसणार, ९ गेली. न सांगावे तर भरल्या हॉलमध्ये सगळ्यांना दिसणार, आणि ह्यांना एकट्याला नाही. 'तुम्हाला दिसत नाही' हे कसे सांगायचे असते? तोंड उघडते आणि भाजी काय करू विचारते.

३० नोव्हें.
हे खुशीत. शीळ घालत होते. मेळाव्याला कोणता शर्ट घालू विचारले. निळा म्हटले.
देवापुढे बसले, पण स्तोत्र दोनदा चुकले.

१ डिसेंबर.
शाळेत फोन लागत नाही, लागला तरी ऑफिसात सगळ्यांसमोर बोलायचे. म्हणून पत्र. हे दाढीला गेले तेवढ्यात लिहिले, सकाळच्याच टपालाने टाकले. माझ्याकडे नक्कल हवी म्हणून कच्च्या कागदावरून इथे उतरवते.

'भोये सरांस स. न. वि. वि. तुमच्या वहिनीकडून. काम पुरे झाले, मी पाहिले. तुमच्या मुलांची पावरी फार गोड वाजते. पण पडद्याच्या डाव्या काठाला एक पांढरी पट्टी हलते. ह्यांना ती दिसत नाही. प्रोग्रॅमची चूक आहे ती आहेच, पण न दिसण्याचे कारण डोळे आहेत. हे मी अजून कोणाला बोलले नाही.
ऑपरेशन ९ ला होऊ शकते. ६ च्या आत सांगायचे आहे. सगळा प्रोग्रॅम एका कागदावर छापलेला ह्यांच्या खणात होता, त्याची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. ह्यांना न विचारता खण उघडला, पहिल्यांदाच.
तुम्हाला ती पट्टी काढता येईल का? येत असेल तर तुमचे पत्र येईल त्याच दिवशी मी ह्यांना सगळे सांगते, आणि ९ ला दवाखान्यात नेते. येत नसेल तरी सांगणार आहे, पण मग काय हातात देऊन सांगू ते मला सुचत नाही. तुमचेही नाव त्यावर आहे, तेव्हा तुमचे मत हवेच. पाकिटावर माझे नाव घाला. उत्तर जे असेल ते उलट टपाली कळवावे.'