धरणगावच्या दुकानाचं खातं

२ जून २०२५, सोमवार
हेमांगीनं आज सांगितलं – ज्या दुकानदारानं सहा महिन्यांत काहीच मागवलं नाही, त्याचं खातं महिनाअखेर बंद करायचं. "रत्नाअक्का, खात्यागणिक कंपनीला भाडं पडतं. रिकामी कशाला पोसायची?" बरोबरच आहे पोरीचं. पंपाचे, पाइपांचे सुटे भाग, न्हाणीघराचं सामान आम्ही जळगावातून दुकानदारांना वेबसाइटवर विकतो. ती आमची साहेब. खाती उघडणं, मिटवणं, कोणाला शोधल्यावर आधी काय दिसावं ते बसवणं, हे माझ्याकडे. बघून बघून शिकले, कोणी शिकवलं नाही.

बंद होणाऱ्यांत धरणगावचं आमचंच दुकान निघालं. ह्यांचं खातं.

३ जून
दुकान मागच्या वर्षी मिटलं, ह्यांना विसर पडायला लागला तेव्हा. पण सकाळी चहा झाला की हे अजून मोबाइल घेऊन बसतात, एका बोटानं शोधतात. मागवत काही नाहीत. समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखं नुसतं बघून ठेवतात.

फूट-व्हॉल्व्हला हे बेडूक म्हणतात – विहिरीच्या तळाशी बसतो म्हणून. इतकी वर्षं तेच लिहून तोच उघडला, म्हणून ह्यांच्या खात्याला ते उमगलंय. बेडूक लिहिलं की पहिला तोच. दुसऱ्याच्या खात्यात लिहा, काही येणार नाही. हे तरी दुकानात वेगळं काय करायचे? माणूस पायरी चढला की कशाला आलाय ते ओळखायचे. शेवटचा नग असला की जुन्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवायचे.

मुलाला आता ह्यांचं अर्धं बोलणं कळत नाही. डॉक्टरला नाही. खरं लिहायचं तर कधीकधी मलाही नाही. त्या खात्याला कळतं.

७ जून, शनिवार
पुतण्या प्रेमराज सोनगीरहून आला होता. त्याचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान. "काकू, काकांच्या खात्यावरून मीच माल मागवत जातो. चालू राहील. घरातल्या घरात दोन खाती कशाला?"

पटलं मला. आमच्याकडे एक मोटर दोघा भावांची वावरं भिजवते, एका फोनवर अख्खी गल्ली बोलते. खात्याचंच काय एवढं? पासवर्ड देऊन टाकला.

१२ जून
प्रेमराजची दुसरी मागणी नोंदली गेली. खातं बंद करायच्या यादीतून निघालं. जीव भांड्यात पडला.

१६ जून, सोमवार
ह्यांनी बेडूक लिहिलं. शॉवर आले. आरसे आले. साबणदाण्या आल्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. बोटानं सरकवत सरकवत खाली खाली गेले, मग फोन पालथा ठेवला.

"हाई आपलं दुकान नई शे."

हे आपलं दुकान नाही. एवढंच म्हणाले.

एका खात्यावर दोघं बसले की खातं ताज्या मागणीच्या मागं जातं – हे मी रोज फोनवर दुकानदारांना सांगते. घरच्या वेळी कुठं गेली होती अक्कल?

१७ जून
हेमांगीपुढे बोलता बोलता रडू आलं. तिनं पाणी दिलं. "अक्का, वेबसाइट तपासायला ठेवलेली चाचणीची खाती बंद होत नाहीत. तुम्हीच तर सांभाळता ती. एक काकांना द्यायचं ना."

सुचलं होतं. पण आपल्याच माणसासाठी आपल्याच हातानं वाट काढायला मन धजलं नाही.

"जुन्या खात्यानं शिकलेलं वेगळं काढता येईल?" मी विचारलं.

"नाही हो. साखर पाण्यात विरघळली आता. नव्या खात्यात एकेक शब्द हातानं बसवा."

२१ जून, शनिवार
बसले. बेडूक – फूट-व्हॉल्व्ह. काळी चकती – रबरी वायसर. लंगडा – एका बाजूनं आखूड असलेला पाइपाचा कोपर, एल्बो. गल्ल्यामागं बसून ऐकलेले शब्द एकेक आठवत गेले.

मामाची टोपी काही आठवेना. पाइपाचं झाकण की पंपाचं? ह्यांनाच विचारलं. 

"तुम्हीच सांगा," म्हणाले.

तो शब्द गेला. आता जगात कोणालाच माहीत नाही.

२५ जून
बेडूक लिहिलं, बेडूक आला. "हां!" म्हणाले, अगदी दुकानातल्यासारखं. माझे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही नव्या लागल्या का इथं?"

हो म्हटलं.

२६ जून
हेमांगीनं विचारलं, "जमलं का काकांना?" जमलं म्हटलं. बाकीचं नाही सांगितलं.

३० जून, सोमवार
आज ह्यांनी रत्ना लिहिलं. काहीही सापडलं नाही. पुन्हा लिहिलं. मी शेजारीच बसले होते.

"तुमच्याकडे नाही का?" मला विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "शेवटचा नग आहे."

"मग बाजूले ठेवा. दुसराले देऊ नका."