गालावरचे थेंब

ता. २ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आई पोट धरून हसली. पण त्यात डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. तुमच्या थेंबांची बाटली मी दर महिन्याला आमच्या औषधाच्या दुकानातून पाठवायची. डिसेंबरनंतर तुम्ही नवी मागवलेलीच नाही. एक बाटली चार आठवडे चालते. रागावत नाही, विचारते. चुरचुरतं का? विसरता का? की काही दुखत नाही म्हणून गरज वाटत नाही? काचबिंदू दुखत नाही, हीच त्याची लबाडी. कडेकडेने नजर खातो आणि खाल्लेली परत देत नाही. खरं उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला पत्र टाकणार.

तुमची भाची,
चिंगी

ता. ८ मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

थेंब व्यवस्थित चालू आहेत. बाटली अजून अर्धी आहे. काळजी नसावी. तू लहानपणापासून गोचिडीसारखी चिकट!

मामा

ता. १३ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

अर्धी बाटली तुमच्यापेक्षा खरं बोलते. ती आता फेकून द्या, नवी सोबत पाठवली आहे. मी वाट बघतेय.

चिंगी

ता. २१ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

हरलो. माझा हात थरथरतो गं. थेंब गालावर पडतो, भुवईवर पडतो, एकदा तर कानात गेला. शेवटी सोडूनच दिलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हात थरथरतो हे कोणत्या तोंडाने सांगू? तुझ्या मामीलाही बोललो नाही. परवा डावीकडून सायकलवाला अंगावर आला, तो मला दिसलाच नाही. घाबरलोय.

मामा

ता. २६ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

सांगितलंत, फार बरं केलंत. आता ऐका. उताणे झोपा. खालची पापणी ओढून खोबण करा, बाटलीचा हात कपाळावर टेकवा, म्हणजे तो हलणार नाही. टोक डोळ्याला लावू नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. रोज दात घासले की लगेच. तरी जमलं नाही तर मामीकडून घालून घ्या. त्यात कसला कमीपणा? आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. थेंब बंद होते हे त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते दुसरं वाढवतील. थरथरीचंही सांगा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

चिंगी

ता. ४ मे

चि. चिंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्यातला दाब उतरला. डाव्या कडेचं गेलं ते गेलं. उरलेलं राखता येईल असं डॉक्टर म्हणाले. नाजूक मनगटी घड्याळं मी सोडली, आता फक्त भिंतीवरची घेतो. पहिले आठ दिवस स्वतः झटलो, मग मन घट्ट करून तुझ्या मामीला हाताचं सांगितलं. तिने बाटली उचलली आणि म्हणाली की तिला वर्षभरापासून ठाऊक आहे. माझा चहा सांडू नये म्हणून ती कप कधी काठापर्यंत भरतच नव्हती. मला आपलं वाटायचं, हिचा अंदाज चुकतो!

तुझा
मामा