अवसेच्या उधाणापर्यंत

२६ जानेवारी १९५९, सोमवार. जळगाव
तार आली. बाहेर शाळेची प्रभातफेरी, ढोल वाजत होता, तारवाल्याची हाक कुणाला ऐकूच गेली नाही. सासऱ्यांनी, नानांनी, वाचून दाखवली. ह्यांच्या ऑफिसातून आहे. शनिवार संध्याकाळपासून हे बेपत्ता. एवढंच.
शनिवारी पुनव होती. म्हणजे गरी घेऊन मासे धरायला खडपावर, समुद्रातल्या त्या खडकावर, गेले असणार.
दीर, प्रभाकरभावजी, लगेच कोकणात निघाले. मीही येते म्हटलं. नाना म्हणाले, "तू जाऊन काय करणार? पाण्यात उतरणार?"
ते खडप भावजींना कुठे माहीत आहे? मला माहीत आहे.

२७, मंगळ.
सासूबाईंना, अक्कांना, सांगायचं नाही असं ठरलं. शनिवारीच मोतीबिंदू काढलाय. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. रडल्या तर डोळा जाईल, डॉक्टरांनी बजावलंय. त्यांच्याजवळ बसायचं काम माझं. त्यासाठीच संक्रांतीआधी कोकणातून इथे आले होते.
"वसंताना कागद उना का व?"
"येईल, अक्का."
"तुनं नाक काबर भरेल शे?"
कांदा चिरत होते म्हटलं.

२९, गुरु.
भावजींची तार. शोध चालू.
पुनवेला आणि अवसेला पाणी फार लांब ओसरतं. एरवी बुडालेला खडक उघडा पडतो, त्याच्या कपारींत मोठे मासे. हे पंचांगात त्याच तिथ्या बघत. गिरणेच्या गुडघाभर पाण्यात वाढलेला माणूस! बदली होऊन दोन वर्षं झाली नाहीत तर समुद्राने वेडा केला. पुलाचं काम आटोपलं की गरी.
पण त्याच दिवशी पाणी परततंही जोरात. आणि समोरून नाही येत. खडकाच्या पाठीमागे घळ आहे, ती आधी भरते. समोर बघत बसलेल्याला कळतच नाही. मी वाळूवर उभी राहून ओरडायची, "घळ भरली!" मग हे धावत यायचे, धोतर भिजलेलं, हसत.
ह्या पुनवेला तिथे कुणी

३१, शनि. अष्टमी
तिथले आमचे शेजारी लक्ष्मणकाका, ज्यांनी ह्यांना गरी टाकायला शिकवलं, म्हणायचे, अष्टमीचं पाणी म्हणजे भांग. झोपलेलं पाणी. घेत नाही, देत नाही. उधाणाला नेलेलं उधाणालाच परत देतं.
म्हणजे आता अवसेपर्यंत काही नाही. काय देणार ते लिहवत नाही.

३ फेब्रु., मंगळ.
गल्लीत हळदीकुंकवं चालू आहेत. समोरच्या शेठाणीबाई दरवर्षी सगळ्यांना बोलावतात. आज आमच्या दारापर्यंत आल्या, मला पाहिलं, म्हणाल्या, "अक्कांचे डोळे कसे आहेत?" आणि गेल्या. हातात कुंकवाचा करंडा होता.
घरात येऊन आरशासमोर कुंकू आणखी ठळक लावलं. मग अक्कांचा चहा.
डोळ्यात लाली आहे म्हणून पट्टी आणखी काही दिवस ठेवणार. सुटल्यासारखं वाटलं. असं वाटायला नको होतं.

५, गुरु.
चुलतजावेबरोबर मेहरूणला गेले, बोरं आणायच्या निमित्ताने. तळ्याच्या काठाशी बसले. इथल्या पाण्याला चंद्राचं काहीच नाही. तसंच्या तसं. काठावर बाया धुणी धूत होत्या. तिथल्यासारखं हे पाणीही मागे सरेल, तळ दिसेल असं उगाच वाटत राहिलं. जाऊ म्हणाली, "चल ना गं, घरी वाट बघतील."

७, शनि. अवस
दुपारी बाराच्या सुमाराला तिथे भरती. उधाणाची. जेवण गेलं नाही. मागच्या अंगणात तुळशीपाशी बसले. काय मागू? पाण्याने दिलं तर सगळं संपलं. नाही दिलं तर रोज हेच. देवाला हात जोडले आणि मागायला शब्दच आला नाही. नुसती बसून राहिले.
आत अक्का मला हाका मारत होत्या. नाना गेले. नाना हल्ली त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलतात, केळीच्या भावाबद्दल, कशाहीबद्दल.

१०, मंगळ.
भावजी परत आले. एकटे. चेहरा काळवंडलाय. अवसेला कोळ्यांनी दोन्ही बाजूंचा किनारा पाहिला. काही नाही.
जेवताना सहज म्हणाले, त्या शनिवारी खडपाच्या बाहेर एक गलबत नांगरून होतं. भरतीबरोबर शीड चढवून उत्तरेकडे गेलं. कुठलं, कुणालाच माहीत नाही.
माझ्या हातातला डाव पडला. "त्यांनी उचललं असेल! पोहता येतं ह्यांना, गिरणेच्या पुरात पोहायचे!"
नाना म्हणाले, "उचललं असतं तर आतापर्यंत एक तार नसती आली?"


१२, गुरु.
काल अक्कांची पट्टी सोडली. अंधुक दिसतं.
आज सकाळी गुरुजी आले होते. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करता येतं म्हणाले. ते गेल्यावर नानांनी मला बोलावलं. माझ्याकडे बघत नव्हते. "पोरी, त्याचा जीव तिथं पाण्यात तळमळत ठेवायचा का? मी बाप आहे त्याचा." आवाज फुटला त्यांचा. मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं.
बांगड्यांचं ते बोलले नाहीत. पण भावजींनी पानं आणून ओसरीत ठेवली होती. मी ती उचलून उकिरड्यावर टाकली. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.
अक्का भिंत धरत बाहेर आल्या. म्हणाल्या, "मना डोया बांधेल व्हतात, कान नही. माले पहिल्या दिनपासून बठ्ठं माहीत शे."
सोळा-सतरा दिवस एकदाही रडल्या नाहीत! माझ्यासमोर निजून रोज विचारत राहिल्या, कागद उना का.
नानांना म्हणाल्या, "तिन्या बांगड्यासले कोनी हात लावाना नही." मग माझ्याकडे वळल्या. मी कुठे उभी आहे ते नीट दिसत नव्हतं बहुतेक, थोडं बाजूलाच बघत होत्या. "तू जाय. तिठे जाय. येत्या पुनवले पानी ओसरी, तू सोता देख."

१८, बुध.
धुळ्याहून भाऊ आला मला न्यायला. नाना दाराशी आले. अक्का ओसरीतच बसून होत्या. एस.टी. एरंडोलला थांबली तेव्हा भाऊने चहा आणला, तो हातातच निवला.

२०, शुक्र. धुळे
सोमवारी पुनव. दुपारच्या गाडीने आधी मुंबई, पुढे कोकण. भाऊ सोबत येतोय.
निघायच्या आधी वहिनी स्वयंपाकघरात भाऊला हळूच विचारत होती, "हिची ओटी भरू का नको?" मीच जाऊन पाट मांडला आणि बसले. वहिनीने कुंकू लावलं, तांदूळ, खण, नारळ. अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. तिने ते गोळा केले नाहीत, मला मिठी मारली.
आता स्टँडवर. गाडीला उशीर आहे.
भाऊ म्हणाला, "इंदू, ट्रंक एवढी जड कशी गं? आठ दिवसांत परत येऊ ना आपण?"
सगळंच घेतलंय म्हटलं.